कुंडलिकचा हात

"कुंडलिकराव, खिसं दाखवा जरा," गिरणीचा मालक मानसिंग म्हणाला.

कुंडलिकने खिसे उलटे केले. रुमाल, घराची किल्ली आणि बायकोच्या डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली निघाली. मानसिंगने ती बाटली उजेडाकडे धरून पाहिली.

उत्रोलीच्या या भातगिरणीत कुंडलिक अठ्ठावीस वर्षं मशीन लावत होता. भात सोलणाऱ्या दोन रबरी रुळांमधली फट जास्त झाली की साल निघत नाही, कमी झाली की तांदळाची कणी होते. "त्याला कुंडलिकचाच हात लागतो," असं मानसिंगचे वडील कौतुकाने सांगत. दुसऱ्या कुणाला शिकवू का, असं विचारलं की म्हणत, "कशाला? तू हायेस की!" त्या कौतुकापायी तो सख्ख्या भावाच्या दहाव्याला पोचला नाही. बायकोच्या, ठकुबाईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख तीनदा हुकली.

गेल्या सोमवारी मात्र तो तिला घेऊन पुण्याला गेला. त्या दोन दिवसांत गिरणीतल्या अमृतने मशीन लावलं आणि हिर्डोशीच्या सोनबा शेतकऱ्याच्या सगळ्या आंबेमोहर भाताची कणी झाली. आज अकराच्या एसटीने तिला पुन्हा तपासायला न्यायचं होतं.

"तुमी असला की कणी पडत न्हाई. तुमी गेला की पडती," मानसिंग म्हणाला. "ह्यात तुमचाच हात हाय, जाताना मशिनीत कायतरी घालून जाता, म्हनत्यात लोक."

"आन् तुमी?"

मानसिंगने वर पाहिलं. रुळांच्या बरोबर वर नवा कॅमेरा बसवलेला होता.

"सोनबाचं भात वलं व्हतं," कुंडलिक म्हणाला. "साल निघंना म्हनून अमृतनं रूळ आवळलं. दुसरं काय न्हाई."

"तुमाला कसं ठावं? तुमी तर पुण्यात."

कुंडलिकने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि बोटांत बोटं अडकवली.

"या मालक, तुमीच लावा. म्या हात लावत न्हाई. त्या पोत्यातला दाना दाताखाली धरा. दबला का वाजला?"

"वाजला. कट्ट."

"मंजी वाळल्यालं हाय. रुळांचं चाक पाव फेरा ढिलं करा. आता सोडा भात."

पट्टा फिरला. मानसिंगने खाली ओंजळ धरली. अख्खा, लांब दाणा. त्याने तो बोटांनी उलटासुलटा केला.

"एवढंच व्हय?"

"एवढंच."

मानसिंगचे डोळे बारीक झाले. "मग अठ्ठावीस वर्सं कुनाला का न्हाई सांगितलं?"

कुंडलिकने रुमाल आणि किल्ली उचलली. मग टेबलावरची बाटली शर्टाच्या खिशात टाकली आणि हात पुन्हा मागे घेऊन तो फाट्याकडे चालू लागला.

एसटीच्या थांब्यावर ठकुबाई काळा चष्मा लावून उभी होती.

"आवं, हात मागं का धरल्यात? गिरनीपासनं तसंच येताय. लांबनं दिसलं मला," ती हसली. "धरा ही पिशवी."

कुंडलिकने हात पुढे आणले. पिशवी कोणत्या हातात घ्यावी, ते त्याला क्षणभर कळेना.