घरापुरतं वायफाय

रुखमाबाईंनी दोनदा टाळी वाजवली आणि भिंतीला टेकवलेल्या ड्रिल मशीनकडे बोट दाखवून जोरात मान हलवली.

केबलवाला अश्वजित थांबला. इथं नको का, म्हणून त्याने विचारलं. रुखमाबाईंनी भिंतीच्या पलीकडे हात केला, मग दोन्ही हात जोडले. त्याला वाटलं, म्हातारी आपल्यालाच नमस्कार करते आहे. त्यानेही गोंधळून हात जोडले.

त्यांची सून पूनम पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि हसू दाबत म्हणाली,

"त्या भितीमांगं देवघर हाय, भाऊ. देवावर माती पडन. अन् आत्याबाई आता बोलत नाहीत, त्यायचं मौन हाय."

हे चातुर्मासातलं मौन होतं. सकाळी अंगावर पाणी घेतलं की दुपारी देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत एक शब्द काढायचा नाही. नवरा, कडूबा, गेला त्या वर्षापासून रुखमाबाई आषाढी एकादशीला हा नेम धरत आणि कार्तिकीला सोडत. घराला सवय झाली होती. टाळी वाजली की मागे वळून बघायचं, चुटकी वाजली की चुलीवरचं दूध बघायचं.

वायफायचा डब्बा समोरच्या भिंतीवर बसला. तो बसताना बघायला त्यांचा मुलगा गोविंदा मोताळ्याचं आपलं कृषी केंद्र अर्धा दिवस बंद करून आला होता. टॉवरचं नेट आभाळ आलं की जातं, पुढचा जमाना वायफायचाच, मोबाइलच्या नेटला कुत्रं विचारणार नाही, असं तो महिनाभर सांगत होता. अश्वजितचा धंदाच वायफायचा, पण त्याला हे काही पटलं नाही. टॉवरवाले उलट आता घराघरात घुसून राहिलेत, तो म्हणाला, शेवटी कोण कोणाला खाईल हे देवालाच ठाऊक.

"घरात हीर खांदल्यावर नळाची पट्टी काऊन भरावी मानसानं?" गोविंदा म्हणाला.

"हीर शेतात नेता येत नाही ना, दादा."

"घरच्या बाईमानसाले शेतात नेट कशाले पाह्यजे बे?"

पूनम दारात उभी होती. तिने गोविंदाकडे पाहिलं, मग हातावरचं पीठ झटकत आत गेली.

पूनम गावची पशुसखी होती. बचत गटातल्या बायांनीच तिला निवडलं होतं. बकऱ्यांना जंताचं औषध पाजायचं, लसीचे दिवस आले की दारोदार कळवायचं, एखादी व्यायला अडली किंवा तिचं पोट फुगलं तर धावत जायचं, आणि आपल्या हाताबाहेरचं असलं तर तिथूनच फोटो पाठवून तालुक्याच्या डॉक्टरांना विचारायचं. चिखलीसारख्या बाजाराच्या गावात वाढलेली ही पोरगी लेंड्यांचा वास सोसेल का, अशी रुखमाबाईंना आधी शंका होती. पण पूनम बकरीच्या कानाशी वाकून अशी बोलायची, की बकरीही जरा वेळ ऐकून घ्यायची.

तिच्या फोनचा रिचार्ज गोविंदा आपल्याच फोनवरून मारायचा. श्रावणात तो संपला, तेव्हा त्याने मारला नाही. त्यात वाकडेपणा असा काही नव्हता. घरात नेट होतं. व्हिडिओ दिसत होते, चिखलीची आई फोनच्या काचेत रोज दिसत होती, बोलत होती. पूनमने एकदा विषय काढला, तेव्हा त्याने विहिरीचीच गोष्ट पुन्हा सांगितली. मग तुमच्या फोनात काऊन मारता, असं तिने विचारलं, तर म्हणाला, तो धंद्याले लागते. तिने पुन्हा विचारलं नाही. तिचं मानधन यायचं ते खातंही तोच बघायचा.

अंगण ओलांडलं की तिच्या हातातला फोन नुसता आरसा होऊन जाई. सुरुवातीला तिने त्यावरही वाट काढली. गोठ्यात फोटो काढायचे, घरी पळत येऊन पाठवायचे, डॉक्टरांचं उत्तर वाचून पुन्हा पळत जायचं. पण गावातल्या बायांकडे बटनाचे फोन. त्या साधा फोन लावत, आणि साधा फोन पूनमला लागतच नव्हता. पोळ्यापर्यंत बोलावणी कमी झाली, नवरात्रात थांबली.

आणि रुखमाबाईंना, खरं सांगायचं तर, बरंच वाटत होतं. तव्यावरची भाकर ताटात पडत होती. पोथीतली बारीक अक्षरं वाचायला कोणी तरी शेजारी होतं. सूनबाई आता घरात दिसते हो, असं शेजारणीही म्हणाल्या. त्यांनी ते कौतुकानेच म्हटलं होतं, आणि रुखमाबाईंनीही ते तसंच ऐकून घेतलं होतं.

कोजागिरीनंतरच्या एका सकाळी त्या ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. पूनम कापूस वेचायला शेतात गेली होती. तेवढ्यात बौद्धपुऱ्यातल्या सिंधूताई आल्या. बचत गटाच्या त्या अध्यक्ष. जय भीम म्हणून पायरीवर बसल्या. रुखमाबाईंनी हात जोडले, आतून पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा आणून ठेवला, आणि पुन्हा वाती हातात घेतल्या. त्यांचं मौन सिंधूताईंना माहीत होतं.

सिंधूताई पाणी प्यायल्या. मग त्यांनी सांगितलं, की त्यांची बकरी काल मेली. नुकतीच व्यालेली होती. रानात सोयाबीनच्या कुटाराच्या, मळणीनंतरच्या भुशाच्या, ढिगात तिने तोंड घातलं, दाणे खाल्ले, आणि घटकाभरात पोट नगाऱ्यासारखं झालं. जवळ माणूस नाही, गाव लांब. बकरी उचलून आणणं एकटीच्या हातचं नव्हतं.

"फोन लावून राह्यली होती मी. पुन्हा पुन्हा लावला. ते बाई म्हणते, या नंबरावरची सेवा बंद हाय. काय पाजू, इतकंच विचाराचं होतं मले. दुसरं काई नाही."

रुखमाबाईंची बोटं थांबली.

सिंधूताईंचा आवाज चढला नव्हता. दोन पिल्लं आहेत, त्या म्हणाल्या, शिशीने दूध पाजते आहे. एक पितं, एक तोंड फिरवतं. कार्तिकीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गटाची बैठक आहे, आणि पशुसखी म्हणून बाया आता सारिकाचं नाव घेऊन राहिल्या आहेत.

"सारिकाले येत काईच नाही. बकरीले हात लावाले भेते थे. पण तिचा फोन लागते."

त्या उठल्या. पायरी उतरून वळल्या.

"रुखमाबाई, तुमचं मौन नैवेद्यापर्यंत असते, हे साऱ्या गावाले मालूम हाय. सूनबाईचं कधी सुटते, थे कोणाले पुसावं?"

त्या निघून गेल्या. त्या दुपारी नैवेद्य झाला, घंटी वाजली, तरी वाती ओसरीवर तशाच अर्धवट पडून होत्या.

पूनम आली तेव्हा त्यांनी बकरीचं सांगितलं. तिने डोक्यावरचं कापसाचं गाठोडं उतरवलंही नव्हतं. ते तिथंच टाकून ती बौद्धपुऱ्यात गेली आणि दिवेलागणीला परतली. पदराला दुधाचा वास येत होता. रुखमाबाईंनी तिला जवळ बसवलं.

"फोन लागत नाही, हे तुले मालूम होतं?"

"हाव."

"मंग बोलली काऊन नाही?"

"बोलली होती, आत्याबाई. एकडाव." ती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. "तुम्ही अथीच बसल्या होत्या. सकाळ होती."

रुखमाबाईंना ती सकाळ आठवली. आठवली म्हणजे, त्या वेळी आपण कोणत्या अध्यायावर होतो ते आठवलं.

यंदा या नेमाचं उद्यापन करायचं ठरलं होतं. कार्तिकीच्या चार दिवस आधी गुरुजी येऊन सगळं सांगून गेले. मौनाच्या उद्यापनाला घंटेचं दान करतात. इतकी वर्षं जो आवाज आवरून धरला, तो कोणाला तरी द्यायचा. गोविंदाला हे फारच आवडलं. खामगावहून पितळेची चांगली मोठी घंटा आणू, तिच्यावर आईचं नाव कोरू, देवळात टांगू, म्हणजे गाव ऐकेल. नैवेद्यानंतर रुखमाबाई त्याला म्हणाल्या, घंटा आण, पण आधी पूनमचा फोन चालू कर. तो हसला. घंटेचा आणि फोनचा काय संबंध? आवाज द्यायचा असतो म्हणे, त्या म्हणाल्या, आणि पुढे त्यांना नीट सांगता येईना. कापूस विकू दे, पाहू, असं म्हणून तो दुकानाकडे निघाला. नंतर तो विसरून गेला.

कार्तिकीच्या दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, उद्यापन झालं; यंदा मौन तोवर चालूच ठेवलं होतं. चौरंगावर लाल कापड, त्यावर घंटा. दोनचार शेजारी, रुखमाबाईंची धाकटी नणंद आणि गुरुजी, एवढीच माणसं. नैवेद्य दाखवला. आरती झाली. गुरुजी म्हणाले, आता मौन सोडा आजी, देवाचं नाव घ्या, मग घंटेवर पाणी सोडू.

रुखमाबाई बोलल्या नाहीत.

भान नाही राहिलं असेल, म्हणून गुरुजींनी पुन्हा सांगितलं. त्या उठल्या. स्वयंपाकघराच्या फळीवरून पूनमचा फोन घेऊन आल्या आणि चौरंगावर घंटेशेजारी ठेवला. घंटेला हळदीकुंकू लावलं होतं, तसं फोनच्या पाठीलाही लावलं. मग मांडीवर हात ठेवून बसल्या आणि गोविंदाकडे बघू लागल्या.

नणंद हळूच पुटपुटली, की वहिनीचं डोकं फिरलं. वरणाला तडका दिल्याचा वास पुढच्या खोलीत आला होता आणि गुरुजींनी दोनदा आवंढा गिळला. संकल्प पुरा झाल्याशिवाय त्यांना पाटावर बसता येत नव्हतं.

"आई, बोल ना," गोविंदा म्हणाला. "लोक थांबले."

त्या नुसत्या बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. तो असता तर गोविंदाला सोपं गेलं असतं. त्याचे कान लाल झाले. दारात पूनम पळी घेऊन उभी होती आणि तिला आत जावं की थांबावं कळत नव्हतं. शेवटी गोविंदाने खिशातून आपला फोन काढला, सगळ्यांकडे पाठ केली आणि अंगठ्याने काही तरी करत राहिला. चौरंगावरचा फोन थरथरला, घंटेच्या कडेला लागून बारीक किणकिणला.

"झालं," तो म्हणाला. "वर्षभराचं मारलं. बोल आता."

रुखमाबाईंनी घंटेवर पाणी सोडलं. फोन उचलून पूनमच्या हातात दिला. आणि तरीही न बोलता त्यांनी चपला घातल्या आणि फाटक उघडून निघाल्या.

सिंधूताई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. दोन्ही पिल्लं खुंट्याला बांधलेली. रुखमाबाईंनी मूठ कानाशी नेली, मग सिंधूताईंच्या कमरेच्या बटव्याकडे बोट केलं.

"नैवेद्य नाही झाला का अजून?" सिंधूताईंनी विचारलं.

रुखमाबाईंनी पुन्हा मूठ कानाशी नेली.

सिंधूताईंनी सूप खाली ठेवलं. बटव्यातून फोन काढला, पूनमचा नंबर लावला आणि कानाला धरला. ती बाई पुन्हा तेच सांगणार, अशी तयारी त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. मग भुवया जरा वर गेल्या.

"लागला," त्या म्हणाल्या आणि फोन रुखमाबाईंच्या हातात दिला.

"हॅलो? सिंधूताई?" पलीकडे ताटांचा आवाज होता.

"मी बोलून राह्यली," रुखमाबाई म्हणाल्या. सकाळपासून न वापरलेला आवाज खरखरीत निघाला.

"आत्याबाई? कुठी हा तुम्ही? सारे वाट पाहून राह्यले."

"सिंधूताईच्या अंगनात. तू ये अथी. फोन बंद करू नोको. बोलत बोलत ये."

"काय बोलू?"

"काईबी बोल. रस्त्यानं जे दिसते थे सांग."

 मग चपलांचा फटफट आवाज, फाटकाची कडी. रुखमाबाईंनी फोन कानापासून थोडा दूर धरला, सिंधूताई जवळ सरकल्या. फाटकाबाहेर आली, पूनम सांगत होती. चक्की चालू हाय. चक्कीचा धडधडाट फोनमधून आला आणि मागे पडला. पारावर म्हातारे बसले, माह्याकडे पाहून राह्यले, डोक्यावरचा पदर सावरते, थांबा. एक कुत्रं भुंकलं. हँडपंपावर पूनमला कोणी तरी काही विचारलं, आणि चालता चालताच तिने उत्तर दिलं, हाव, लागते आता, लावजा. तिला थोडी धाप लागली होती. आवाज कुठंच तुटला नाही.

मग तोच आवाज फोनमध्येही होता आणि गल्लीतही.

सिंधूताईंनी हातावरची ज्वारी झटकली. खुंट्याशी गेल्या, अजून धड दूध न पिणाऱ्या पिलाची दोरी सोडली, आणि पूनमला नीट बघता यावं म्हणून त्याला उचलून उन्हात आणून ठेवलं.