ठेंगणी अंबाडी

दरीतून पहाटेचा वारा वर चढू लागला, की भिजवलेल्या खजुरी काथ्याची दोरी लिंबाजीकाकांच्या दोन तळव्यांमध्ये करकरू लागे. तो आवाज आधी कानी येई, मग फटफटत्या उजेडात त्यांची पाठमोरी, किंचित डावीकडे झुकलेली आकृती स्पष्ट होई, आणि अखेरीस दिसत ते हात. प्रत्येक रोपाच्या खोडाशी क्षणभर थांबणारे, त्याचा कंप जणू नाडीसारखा मोजणारे आणि तेवढीच सैल गाठ बांधणारे. घट्ट गाठ वाऱ्यात खोड कापते, हे मी पुस्तकात शिकले होते. त्यांच्या बोटांना ते कोणी शिकवले होते, कोण जाणे.

जबल अख्दरच्या पठारावर, खालचे मस्कत भाजून निघत असतानाही शाल लागावी अशा गारव्यात, त्यांच्या अर्बाबची, म्हणजे ओमानी मालकाची, डाळिंब-गुलाबांची पायऱ्यापायऱ्यांची बाग होती. लिंबाजीकाका लातूरकडचे, अठरा वर्षे त्या बागेचे माळी. मी मस्कतच्या बौशर भागात वाढलेली, पुण्याहून वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन परतलेली. अर्बाबने डाळिंबावर वाऱ्याचा काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी नेमलेली. आठवड्यातले तीन दिवस मी वर असे. मापे घेणे, नोंदी ठेवणे आणि त्या नोंदींतून लवकरात लवकर नाव मिळवणे, एवढेच तेव्हा माझ्या आयुष्याचे सूत्र होते.

सावलीच्या जाळीमागे, दगडी बांधाच्या आडोशाला, त्यांची स्वतःची एक ओळ होती. नऊ रोपे, हातासारखी पसरलेली पाने.

"एवढं शिकलात, ताई, अन् आंबाडी वळखंना तुमाला?" पहिल्याच दिवशी ते हसले होते. "गावाकडनं बी आणलं पुडीत. इथल्या भाजीला आंबूसपना कुठाय? निस्ती हिरवी चव."

मी हसून मान डोलावली. अंबाडी मी ताटात पाहिली होती आणि पुस्तकात पाहिली होती. मातीत कधीच नाही.

त्या ओळीतली सात रोपे सरळ, शिडशिडीत वाढली, आणि उन्हाळा सरताना वाऱ्याने त्यांची परीक्षा पाहायला सुरुवात केली. कुणी वाकले, कुणाचा शेंडा मोडला. बांधाला अगदी चिकटून असलेली दोन मात्र आडवी फुगत गेली. ठेंगणी, दाट, गडद, रुंद बोटांच्या पानांची. वारा त्यांच्यावरून जाई तेव्हा ती हलत नसत, नुसती अंग चोरून घेत. लिंबाजीकाकांची सगळी माया हळूहळू त्या दोघींकडे वळली. त्यांच्याभोवती त्यांनी खजुराच्या झावळ्यांची विरळ भिंत रचली. वारा अडवायचा नाही, गाळून घ्यायचा, असे ते म्हणत. "ही खुजी आंबाडी वाऱ्याला मोजत न्हाई. हिचंच बी धरायचं." तिची पाने आंबट नाहीत, हेही त्यांनीच सांगितले आणि त्याचा दोष थंडीला दिला.

आणि मला, विज्ञान शिकलेल्या मला, ते पटले. पटावे अशीच माझी इच्छा होती. थंड, वादळी पठारावर टिकणारे अंबाडीचे वाण! मनातल्या मनात शोधनिबंधाचे शीर्षकही ठरले. पान दाबून वाळवायला मी कागदांच्या चळतीत ठेवले, तेव्हा काकांनी विचारले होते, "हे कुठं धाडणार?" पुण्याला, माझ्या सरांकडे, मी म्हणाले. ते दोरी वळत राहिले.

शरदाच्या एका दुपारी मी भिंग काढले. अंबाडीचे पान कितीही खोल चिरलेले असो, ते एकच पान असते. इथे तर प्रत्येक बोट देठापासूनच स्वतंत्र होते. खालची पाने समोरासमोर. खोडावर काटेरी लव नाही. कोवळ्या शेंड्यांवर दवासारखे चमकणारे ग्रंथींचे सूक्ष्म मणी, आणि बोटांना लागलेला जड, राळेसारखा वास, जो साबणानेही गेला नाही. सात रोपे अंबाडीची होती. उरलेली दोन गांजाची. बहुधा इंडिका या ठेंगण्या प्रकाराचा अंश अधिक असलेली, थंड डोंगरांची सवय असणारी जात. हे मला पहिल्या आठवड्यात दिसायला हवे होते. माझ्या डोळ्यांपुढे निबंध होता, म्हणून झाड दिसले नाही.

या देशात त्या दोन झाडांचा अर्थ तुरुंग होता. आणि ती लावणाऱ्याचे नाव सर्वांना ठाऊक होते.

मग सुरू झाला तो गोंधळ, जो आजही निवळलेला नाही. पुडीत मिसळून आले म्हणावे, तर अंबाडीचे बी तिकोनी असते आणि गांजाचे गोल, ठिपक्यांचे; ज्यांची बोटे अंधारात मेथी आणि मुळ्याचे बी वेगळे करत, त्यांना हा फरक कळला नसेल? पण बांधाजवळ अर्बाबच्या मुलांच्या पक्ष्यांचा पिंजरा असे आणि त्याचा केर तिथेच झाडला जाई. पक्ष्यांच्या खाद्यात असे बी असू शकते. मी खाद्याचे पोते उपसून पाहिले. त्यात निव्वळ राळे आणि बाजरी निघाली. पण ते पोते नवे होते. खाद्यातले बी सहसा उंच, सडपातळ झाड देते, आणि ही तर ठेंगणी. पण अखंड वाऱ्याने झोडपलेले कोणतेही झाड ठेंगणेच होते, हे तर मीच डाळिंबांवर मोजत होते. प्रत्येक पुरावा माझ्या हातात येताच पाठमोरा होई. एका क्षणी ते निरागस दिसत, दुसऱ्या क्षणी त्यांचे साधे हसूही मी तपासून पाही, आणि त्या तपासणीची मलाच लाज वाटे.

शुक्रवारी अर्बाबचे पाहुणे बाग पाहायला येणार होते. गुरुवारी दुपारी, वारा ऐन भरात असताना, मी त्यांना बांधापाशी गाठले.

"काका, ही दोन अंबाडी नाहीत. गांजा आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. हातातली गाठ पुरी केली, मग तीच सोडली.

"उपटू?"

"आत्ताच."

त्यांनी दोन्ही ठेंगणी झाडे मुळासकट काढली. मग, मी काही बोलण्याआधीच, उरलेली सातही.

"अहो, ती अंबाडीच आहेत!"

"तुमाला ठावं, ताई. पावन्याला पान सारखंच दिसतंय." त्यांनी हात झटकले. "खलास."

नऊ झाडे त्यांनी शेणखताच्या खड्ड्यात तळाशी पुरली आणि वर ओली माती दाबली. ज्या मोडक्या, आंबट ओळीने त्यांना त्या परक्या उंचीवर घरची चव दिली होती, तिच्यावर ते पावलांनी, हलकेच, माती बसवत होते. तेव्हा मी विचारले, जे विचारायचे नाही असे रात्रभर ठरवले होते.

"काका, तुम्हाला ठाऊक होतं का?"

ते थांबले. वाऱ्याने त्यांच्या सदऱ्यात शिरून पाठ फुगवली आणि पुन्हा सपाट केली.

"वाऱ्यात हुबं ऱ्हायलं," ते म्हणाले, "म्हनून जपलं."

पाहुणे आले, गुलाबांची तारीफ करून गेले. माझ्या नोंदवहीतली ती पाने मी फाडली, दाबलेले पान चुलीत घातले आणि सरांना काहीच कळवले नाही. हिवाळ्याच्या अखेरीस काकांनी करार न वाढवता गाव गाठले. भीतीने की वयाने, तेही मी ठरवू शकले नाही. त्यांचा इथला नंबर बंद झाला आणि गावाकडचा मी मागितलाच नव्हता.

आता त्यांचा चेहरा मला नीटसा आठवत नाही. उत्तर देण्यापूर्वी ते थांबले होते, तेवढेच लख्ख आठवते. तेव्हा ते थांबणे एका श्वासाएवढे असेल. पण वर्षांगणिक ते लांबत चालले आहे. त्यात कधी अज्ञान मावते, कधी अपराध, कधी नुसते एका म्हाताऱ्या माणसाचे दमणे; आणि ते थांबणे संपवू शकणारा एकमेव माणूस निघून गेल्यावर, मी अजून त्या वाऱ्यात त्यांच्या खऱ्या उत्तराची वाट पाहत उभी आहे.