दिलखुश मास्टरचा दम

अकोल्याच्या कापसाच्या जिनात कामाला असलेल्या शेषरावाला कुणी विचारलं असतं, की सगळ्यांत मोठा माणूस कोण, तर त्यानं आधी बाबासाहेबांचं नाव घेतलं असतं आणि लगेच दुसरं नाव घेतलं असतं दिलखुश मास्टरचं. पहिल्या नावावर त्याच्या वस्तीत कुणाचं दुमत नव्हतं. दुसरं नाव वस्तीत कुणी ऐकलंच नव्हतं, आणि ते बरंच होतं. वाजवण्याचा विषय शेषरावाच्या घरी काढायची सोय नव्हती.

दिलखुश मास्टर म्हणजे मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रातला वाजवणारा. जिनासमोरच्या हॉटेलातल्या रेडिओवर अधूनमधून त्याचं वादन लागे. विजेवर चालणारं नवं वाद्य आहे, एवढंच निवेदक सांगे. पण सूर असा निघे, की शेषरावाच्या हातातला चहा निवून जाई. लांबलचक, थरथरता, मध्ये कुठे तुटणं म्हणून नाही.

"पाहा लेकहो, याले म्हनतात दम," तो सोबत्यांना सांगे. "एका श्वासात कुठलोक चालला! करंट लावून आवाज मोठा करत असतीन, पन फुंक तं मानसाचीच हाये ना!"

सोबती माना डोलवत. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. शेषरावाला कळतं, असं ते धरून चालले होते. कळायलाच हवं होतं. बार्शीटाकळीजवळच्या त्याच्या गावात त्याचा बाप किसन सनईचा वाजंत्री होता, आजा होता, पणजाही होता. पाटलाच्या घरचं लग्न त्यांच्या फुंकरीनं लागायचं, आणि जेवण त्यांना मांडवाबाहेर, घरून आणलेल्या भांड्यात, वरून वाढलेलं मिळायचं.

छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर वस्तीनं ठरवलं, की मेलेलं ढोर ओढायचं नाही आणि कुणाच्या दारी बाजा वाजवायचा नाही. बापानं आपल्या हातानं सनई पाट्यावर ठेवून वरवंट्यानं फोडली. शेषराव तेव्हा ऐन पंचविशीत. बापापेक्षा पोराचा दम मोठा, असं लोक म्हणायचे. त्यानं बापाला अडवलं नाही. निर्णय त्याला मनापासून पटला होता. पण बोटांना ते कोण सांगणार? जेवताना, निजताना, जिनात गाठोडी ओढताना ती आपली मांडीवर नाही तर हवेत चालत राहायची. शनिवारी तो गावी गेला, की बायको ललिता ते बघायची आणि बघितलंच नाही असं करायची.

पुढच्या साली रामराव पाटलाच्या मुलीचं लग्न बाजाविना लागलं. पाटलाला ते चांगलंच झोंबलं. मग सालभर वस्तीतल्या एका माणसाला गावात कुणी निंदणाला लावलं नाही की कापूस वेचायला घेतलं नाही. घरोघर ज्वारीची मडकी पालथी पडली. शेजारच्या चतुराबाईचा नवरा त्याच सालात गेला. ताप होता म्हणतात. पोटात अन्न असतं तर ताप निभला असता, असं चतुराबाई म्हणे. तरी एक घर फुटलं नाही. जवान माणसं अकोल्याला जिनात लागली, पाटलाला वेचणीला मजूर मिळेनात, आणि त्यानं आपण होऊन कामाला या म्हणून निरोप धाडला. तेव्हापासून गावात किसन्याचा किसनराव झाला. वस्ती त्या सालाबद्दल फार बोलत नसे, पण ताठ मानेनं चालत असे ती त्याच्याच जोरावर.

अशा घरातल्या माणसाला रेडिओवरच्या फुंकरीनं वेड लावलं, यात नवल काय? शेषरावानं मनाशी सगळं नीट लावून ठेवलं होतं. हे वाद्य नवं आहे. कुणाचाच बाप ते मांडवाबाहेर उभा राहून वाजवत नव्हता. दम तर आपल्याजवळ आहेच. एकदा मास्टरला डोळ्यांनी बघू, पाय धरू, चार गोष्टी शिकू. मग वाजवलं तरी शब्द मोडत नाही आणि बोटंही उपाशी मरत नाहीत. मनातले मांडे खायला कुणाला विचारावं लागत नाही.

एकदा ऑर्केस्ट्रा अमरावतीला आला, तेव्हा जिनाचा हंगाम ऐन भरात होता. रजा मिळाली नाही. पुढे चैत्रात तो खुद्द अकोल्याला आला. शेषराव इस्त्रीचा पायजमा-सदरा घालून दिवस मावळायच्या आधीच मांडवात हजर. दाराशी, अशा समारंभाला बसवतात तसा, श्रावण नावाचा एक म्हातारा सनईवाला बसवला होता. शेषराव त्याच्याकडे न बघता आत गेला आणि अगदी पुढे, सतरंजीवर बसला.

दोन-चार गाणी झाली आणि दिलखुश मास्टरचं नाव पुकारलं. मास्टर आला. चकचकीत कोट, तेलानं चापून बसवलेले केस. त्याच्यापुढे उभ्या पायांवर एक लहानसा डबा होता, बाजाच्या पेटीला असतात तशा पट्ट्यांचा. आता नळी तोंडाला लावेल, मग लावेल, म्हणून शेषराव वाट पाहत राहिला. मास्टरनं पानाचा विडा तोंडात सारला, गालात नीट बसवला आणि एक बोट पट्टीवर ठेवलं.

तोच सूर निघाला. तोच, लांबलचक, थरथरता. मास्टर पान चघळत होता. मध्येच तो तबलेवाल्याकडे वळून काहीतरी बोलला, हसलासुद्धा, आणि सूर आपला चालूच.

शेषरावाला आधी हसू आलं. मग राग आला. मग डोळ्यांत पाणीच आलं. ज्या दमावरून त्यानं जीव ओवाळून टाकला होता, तो दम अकोल्याच्या वीजघरातून येत होता. बरं, फसवलं म्हणावं तर कुणी? निवेदक बापडा दर वेळी विजेचं वाद्य म्हणून सांगत होता. दुसऱ्या कुणाची अशी चूक झाली नसती. ज्याच्या घरात चार पिढ्या गाल फुगवण्यात गेल्या, त्यालाच त्या सुरात फुंकर ऐकू येणार. आजूबाजूचे लोक टाळ्या पिटत होते. त्याला उठून जावंसं वाटलं.

तेवढ्यात लाइट गेली. मास्टरचा सूर मान मुरगाळल्यासारखा बंद पडला. लाउडस्पीकर गप्प, गाणारे गप्प. गॅसबत्त्या आणेपर्यंत लोकांनी शिट्ट्यांनी मांडव डोक्यावर घेतला. संयोजकांनी घाईघाईनं श्रावणाला रंगमंचावर चढवलं, कारण सनईला करंट लागत नाही. म्हाताऱ्यानं फुंकर घातली आणि त्याला खोकल्याची उबळ आली. लोक खो-खो हसले. शेषरावाची बोटं मांडीवर चालायला लागली.

पाहुण्यांच्या खुर्च्यांत रामराव पाटील बसला होता. गॅसबत्तीच्या उजेडात त्यानं बरोबर ओळखलं.

"अरे, हा तं किसन्याचा शेष्या! त्या बुढ्याले काहून मारून राह्यले बाप्पा? याले चढवा. याच्यावानी सनई साऱ्या वऱ्हाडात नाई."

"आमी सोडलं ते, पाटील," शेषराव म्हणाला. "तुमाले मालूम हाये."

"मालूम हाये ना! मी कुठी म्हंतो माह्या घरी वाजव? लोकाइची गंमत होईन, एवढंच."

शेषरावानं नकाराची मान हलवली. मग दिलखुश मास्टर स्वतः खाली उतरला आणि त्यानं हात जोडले. "अहो शेषराव, जरा सांभाळून घ्या. तुम्ही खरे कलावंत. माझं काय, वीज गेली की मी मुका. तुमच्या दमापुढे माझ्या डब्याची काय किंमत?"

शेषरावाच्या घराण्यात 'वाजव रे' सगळ्यांनी ऐकलं होतं. 'अहो' म्हणून, हात जोडून कुणी वाजवायला सांगितलं, असं चार पिढ्यांत झालं नव्हतं. आणि सांगत होता तो कोण, तर दिलखुश मास्टर! पडायचं ठरलं, की माणूस आधी स्वतःचा वकील होतो. हे काही कुणाचं दार नाही, शेषरावानं मनाशी म्हटलं. लग्न नाही, मांडवाबाहेर उभं राहणं नाही. वर रंगमंचावर बसायचं आहे. आणि डब्यापेक्षा दम मोठा, हे एकदा या माणसाला दाखवायला नको का? तो वर चढला. श्रावणानं सनईच्या तोंडाला नवी पत्ती लावून ती त्याच्या हातात दिली.

पहिला सूर जरा घोगरा लागला. दुसरा सरळ गेला. तिसऱ्या सुराला मांडव गप्प झाला. इतकी वर्षं कोंडून ठेवलेलं सगळं बाहेर आलं, आणि शेषराव विसरून गेला की आपण कुठे आहोत, कुणापुढे आहोत. मास्टर तोंड उघडं टाकून ऐकत होता. त्या वेळी शेषराव सुखी होता, हे कबूल केलं पाहिजे. तसं सुख त्याला आधी कधी मिळालं नव्हतं.

आणि लाइट आली. मास्टर चटकन डब्यापाशी गेला आणि शेषरावाचीच चाल त्यानं एका बोटानं उचलली. आधी मागून, मग बरोबरीनं, मग पुढे. लाउडस्पीकरमधून ती चाल अशी गरजली, की लोक उठून नाचायला लागले. शेषराव मानेच्या शिरा फुगवून फुंकत होता, पण त्याला स्वतःची सनई ऐकू येत नव्हती. मास्टरनं त्याच्याकडे न बघता डाव्या हातानं खूण केली, पुरे. शेषरावानं सनई श्रावणाच्या मांडीवर ठेवली आणि मागच्या शिडीनं उतरला.

"झकास वाजवलं बरं, शेष्या," खुर्चीतून पाटील म्हणाला.

सकाळच्या पहिल्या गाडीनं शेषराव गावी निघाला. दुसऱ्या कुणी सांगायच्या आत बापाला आपणच सांगायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पण पाटलाची जीप आगगाडीपेक्षा लवकर पोचली होती. बापाच्या अंगणात अर्धी वस्ती गोळा झालेली. मध्ये पाटलाचा कारभारी महादेवराव, हातात विड्याचं पान आणि त्यावर सुपारी. वाजंत्र्यानं सुपारी उचलली की लग्नाची बोली पक्की, ही गावाची जुनी रीत. वस्तीत ती सुपारी दीक्षेनंतर कधी आली नव्हती.

"पाटलाच्या धाकट्याचं लगन हाये, किसन्या. घे," महादेवराव म्हणत होता.

"आमी वाजवत नाई," बाप म्हणाला.

"नाई कसे? काल पाटलाच्या शब्दावर तुह्या पोरानं वाजवलं. साऱ्या अकोल्यानं पाह्यलं. म्हंजे बाकी समद्याइले वाजवता, अन् पाटलाच्याच मांडवाचं वावडं हाये. तसं असन तं सांग. पेरन्या जवळ आल्या, पाटलालेही मंग इचार करा लागन."

बापाला तेव्हा शेषराव दिसला. "वाजवलं?"

"हो, बा. पन पाटलाच्या शब्दावर नाई. लाइट गेल्ती. त्या मास्टरनं हात जोडले…"

बापानं ना आवाज चढवला, ना हात उगारला. तो महादेवरावाकडे वळला. "सुपारी त्याच्यापुढं ठेव. माह्या घरी वाजवनारं कोनी नाई. हा अकोल्याले राह्यते." एवढं बोलून तो आत गेला. दारात उभी असलेली ललिता त्याच्यामागे आत गेली.

महादेवरावानं पान शेषरावाच्या पायाशी ठेवलं. "मी नाई वाजवत," शेषराव म्हणाला. महादेवराव हसला, त्यानं धोतर झटकलं आणि पान तिथंच टाकून तो चालता झाला. वस्ती जागची हलली नाही. गर्दीतून चतुराबाई पुढे आली. ती भांडायला येते आहे असं शेषरावाला वाटलं, पण तिचा आवाज अगदी हळू होता.

"बाबू, आमी सालभर ज्वारीबिगर काढलं. तुह्याच्यानं घडीभर लाइटीबिगर नाई निंगालं?"