मास्तरांची दुसरी चिठ्ठी

मी एक जुने, पायाने चालवायचे शिलाई मशीन आहे. मित्रांनो, माझा रंग उडाला आहे, चाक करकरते, पण टाका अजून सरळ पडतो, हे आधीच सांगितलेले बरे.

कारखान्यातून लाकडी खोक्यात बसून माझी स्वारी थेट या दुकानात आली. माझ्यावर पहिला हात फिरला तो मास्तरांच्या, म्हणजे आमच्या शिंप्यांच्या, आईचा. मास्तर तेव्हा शाळेत शिकत होते. आईने त्यांना शेजारी बसवून शिवण शिकवली. पुढे दुकान मास्तरांचे झाले.

मास्तरांची एक शिस्त होती. शिवून झालेल्या कपड्याला ते चिठ्ठी टाचत. कपडा कोणाच्या हातात द्यायचा, त्याचे नाव तिच्यावर असे. एकदा एका गिऱ्हाइकाचा सख्खा भाऊ कोट न्यायला आला. चिठ्ठीवर वहिनीचे नाव होते. बिचारा हात हलवत परत गेला.

मग विजेचे मशीन आले आणि मी कोपऱ्यात गेल्यावर माझ्या पाठीवर गाठोडी रचली गेली. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? माझा खण मात्र वापरात राहिला. त्यात बॉबिन, खडू, जुनी बटणे आणि मास्तरांची विम्याची पॉलिसी असे.

यंदा मास्तरांच्या हृदयाचे ऑपरेशन ठरले. कागद जमवताना त्यांच्या लेकीने खण उघडला, पॉलिसी वाचली आणि ती थबकली. नॉमिनी म्हणून नाव होते आजीचे, आणि आजीला जाऊन सहा वर्षे झाली होती.

काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, काजे करत होत्या. लेकीने त्यांना समजावले. विमा काढणाऱ्याचे काही बरेवाईट झाले तर पैसे कोणाच्या हाती द्यायचे, ते आधीच लिहून द्यावे लागते. ते नाव ज्याचे, तो नॉमिनी. नाव आजीचेच राहिले, तर दुःखाच्या दिवसांत काकूंना कागद घेऊन खेटे घालावे लागतील. काकूंची सुई थांबली.

मास्तर खाली बघत म्हणाले, "मला माहीत आहे गं. पण आईचं नाव काढायला हात धजत नाही."

"बाबा, कपडा न्यायला येणारं माणूसच राहिलं नाही, तर तुम्ही काय करता?"

मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला.

"दुसरी चिठ्ठी टाचतो," ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी विमा कार्यालयात अर्ज दिला आणि काकूंचे नाव लिहिले. नोंद झाल्याचा कागद ऑपरेशनच्या आधी हातात आला. मला पैसे नकोत, तुम्ही धडधाकट परत या, असे काकू म्हणाल्या. मास्तर हसले. "येणारच आहे. पण चिठ्ठीशिवाय कपडा मी कधी ठेवलाय का?"

मास्तर दवाखान्यात होते, ते आठ दिवस मला फार लांब गेले. माझे चाक कोणी फिरवले नाही, तरी जीव नुसता टांगणीला लागला होता.

मास्तर परत आले, मित्रांनो! महिनाभराने दुकानात आले तेव्हा त्यांनी आधी माझ्या पाठीवरची गाठोडी उतरवली, तेल घातले आणि आईच्या जुन्या चादरीचा तुकडा माझ्या सुईखाली सरकवला. त्याची एक छोटी पिशवी शिवली. आता पॉलिसी तीत असते. आतल्या कागदावर काकूंचे नाव आहे आणि त्याच्याभोवती आईची चादर.

तुमच्या घरीही असा एखादा खण असेल. मोठ्यांना तो उघडायला सांगा आणि नॉमिनीचे नाव त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. आणि खण एखाद्या म्हाताऱ्या मशीनचा असेल, तर बंद करण्याआधी त्या मशीनला तेलाचे दोन थेंब द्या.