दिवसा झोपणारं घुबड

"सापडलं!" सेक्रेटरीसाहेब ओरडले आणि सोसायटीच्या ऑफिसात दाटीवाटीने उभी असलेली मंडळी एक पाऊल मागे सरकली.

संगणकाच्या पडद्यावर एका फाइलच्या लांबलचक, विचित्र नावाशेजारी नखाएवढं करडं घुबड बसलं होतं. गोल डोळे, आखूड चोच. मेलमध्ये लिहिलं होतं तसंच्या तसं. कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं आणि मग सगळे आपापल्या घराकडे पळाले. थोड्या वेळाने जिन्यात वरून खालून आरोळ्या घुमायला लागल्या. "आमच्याकडेही आहे!" "आमच्या दोन्ही संगणकांत आहे हो!" एकही घर सुटलं नव्हतं. एवढ्या झटपट पटणारा चमत्कार मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. प्रत्येकाला पुरावा स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच हाताने शोधून मिळत होता.

मेल सेक्रेटरीसाहेबांना त्यांच्या साडूंनी पाठवला होता, साडूंना त्यांच्या साहेबांनी. साहेबांना कोणी पाठवला, ते विचारायचं कोणाला सुचलं नाही. सेक्रेटरीसाहेबांनी तो छापून जिन्याच्या तोंडाशी चिकटवला. "अत्यंत तातडीचे!!! ही अफवा नाही!!! एका अतिशय मोठ्या कंपनीने कालच जाहीर केले आहे की, घुबडाचे चित्र असलेली फाइल हा आजवरचा सर्वांत भयंकर व्हायरस आहे. कोणताही उपाय त्याच्यावर चालत नाही. आधी पडदा काळा होईल, मग सर्व काही नष्ट होईल. फाइल त्वरित पुसून टाका आणि ओळखीच्या प्रत्येकाला कळवा. दुर्लक्ष करणाऱ्यांनी नंतर पस्तावू नये." उद्गारचिन्हांची तर नुसती खैरात होती.

मी शाळेत विज्ञान शिकवते. शंका काढणं हा माझा धंदाच आहे. पण पहिली शंका माझ्या थोरल्या भावाने काढली. दादाने छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म घालवला. छापलेल्या अक्षरावर आधी अविश्वास दाखवायचा, मग वाचायचं, ही त्याची जुनी खोड. तो मांडीवरच्या लॅपटॉपवर टकटक करून म्हणाला, "‘काल’ म्हणजे कधी? तारीखच नाही. हा मेल पुढच्या वर्षी वाचला तरी त्यात कालच असेल."

‘म्हणाला’ असं लिहिलं, पण बोलतो त्याचा लॅपटॉप. घशाच्या आजारात दादाची स्वरपेटी काढावी लागली. शस्त्रक्रियेआधी तो कितीतरी आठवडे माइकसमोर बसून शब्द वाचत होता, आणि वहिनी शेजारी पाण्याचा पेला घेऊन बसलेली असायची. आता तो टाइप करतो आणि लॅपटॉप त्याच्या स्वतःच्या आवाजात बोलतो. थोडा तुटक, थोडा सपाट, पण दादाचाच. वहिनीला त्याने हाक मारली की ती अजूनही स्वयंपाकघरातून "आले आले" म्हणते. त्या आवाजाची दुसरी प्रत नव्हती. फायली मोठ्या, घरातल्या पेनड्राइव्हवर मावत नव्हत्या. नवीन डिस्क आणायचं दर महिन्याला ठरायचं आणि राहून जायचं.

दादाच्या शंकेला मंडळी हसली. "तुम्हाला सगळीकडे चुकाच दिसतात!" पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले. सगळ्यांनी आपापलं घुबड पुसलं आणि हुश्श केलं. आम्ही पुसलं नाही.

त्याच संध्याकाळी दिवेलागणीला पहिल्या मजल्यावरून किंकाळी आली. डॉक्टरांच्या दवाखान्यातला पडदा काळा पडला होता. मग दुसऱ्या मजल्यावरचा, मग ऑफिसातला. पंखा आत घुरघुरत होता, पण पडद्यावर नुसता अंधार. मी गॅलरीत उभी होते. समोरच्या काचांमधला तो निळसर उजेड एकामागून एक विझताना पाहून मीही घाबरले, हे कबूल करते. जिन्यात कोणीच मोठ्याने बोलत नव्हतं. "आधी पडदा काळा होईल..." एवढंच काय ते कुजबुजत ऐकू येत होतं.

आणि त्या सगळ्या अंधारात आमच्या खिडकीत दादाचा पडदा उजळलेला होता.

सकाळी सगळे पडदे आपोआप सुरू झाले. एखाद्याला वाटेल, लोकांच्या जिवात जीव आला असेल. छे! डॉक्टर डोळे मोठे करून म्हणाले, "अहो, घुबड ना ते! दिवसा झोपणारच. आता रात्र झाली की पुन्हा उठेल." शिकलासवरलेला माणूस, पण त्या वाक्यावर एकजणही हसला नाही. उलट सगळ्यांनी माना डोलावल्या. संध्याकाळी पडदे पुन्हा काळे झाले, तेव्हा तर कोणाला काही समजावून सांगायची सोयच उरली नाही.

मग सेक्रेटरीसाहेबांनी संगणकवाल्याला बोलावलं. गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र, कमरेला वायरींचं भेंडोळं. त्याने ऑफिसातल्या संगणकाच्या पाठीला हात लावला, डोळे मिटले आणि जीभ टाळ्याला लावून चक् चक् केलं. "साहेब, हे प्रकरण साधं नाही. हा फाइलमध्ये राहत नाही, लाइनमध्ये राहतो. तुमची सगळ्यांची इंटरनेटची लाइन एक ना? मग घरटी पुसून उपयोग काय? मूळ कुठंतरी जिवंत आहे."

"मूळ कसं ओळखायचं?"

"सोपं आहे. जिथं मूळ, तिथं त्रास नसतो. स्वतःच्या घराला तो हात लावत नाही."

सगळ्यांच्या नजरा हळूहळू माझ्याकडे वळल्या. मी विचारलं, "हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"पुस्तकात नसतं ताई, अनुभवात असतं," तो म्हणाला. अनुभवाचा आणि पुस्तकाचा हा उभा दावा मी प्रत्येक भोंदूच्या तोंडून ऐकला आहे.

त्या संध्याकाळी सगळे आमच्या दारात आले. भांडायला नव्हे, विनंती करायला, आणि मला तेच जास्त भयंकर वाटलं. रोज दादाची विचारपूस करणारी माणसं ती. पण कोणी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हतं. "उद्या दुपारी सगळ्यांचे संगणक मुळापासून साफ करून घ्यायचे ठरलंय," सेक्रेटरीसाहेब म्हणाले. "तुमचाही."

"त्याचा आवाज आहे त्यात," मी म्हणाले.

"तो आधी काढून ठेवा की."

"नक्कल केली की व्हायरसचीपण नक्कल होते," मागून संगणकवाला म्हणाला. "मग माझी जबाबदारी नाही."

"ताई, आमच्या पेशंटांची सगळी माहिती जाईल हो," डॉक्टरांचा आवाज खरोखर कापत होता. "एका घरासाठी सगळ्या इमारतीने बुडायचं का?" सेक्रेटरीसाहेबांनी खाली मान घालून आणखी एक सांगितलं. ऐकलं नाही, तर आमचे इमारतीशी संबंध संपले.

वहिनी दाराला टेकून उभी होती. ती माझ्या कानाशी पुटपुटली, "वन्सं, खरंच असलं काही असेल तर? आपल्यामुळे कोणाचं वाटोळं व्हायला नको." मी तिच्यावर खेकसणार, तेवढ्यात टकटक ऐकू आली. दादा टाइप करत होता. मग त्याच्याच त्या सपाट आवाजात लॅपटॉप बोलला, "दुसऱ्याचं नुकसान होत असेल तर पुसा."

दारातली माणसं "मोठं मन" वगैरे पुटपुटत निघून गेली. वहिनी आत जाऊन रडली. मला इतका संताप आला की हातातली बशी मी जवळजवळ भिंतीवर मारली. माणसाचा आवाज एकदा आजाराने नेला. आता शेजारी तो अगदी नम्रपणे हात जोडून न्यायला आले होते.

तशीच मी दादासमोर जाऊन बसले. बाहेर दिवे लागत होते. बोलता बोलता त्याचा पडदा हळूच मऊ, पिवळसर झाला. रोजच होत असणार; रोजची गोष्ट कोण बघतं? मी बघतच राहिले. आमचा पडदा ज्या घटकेला पिवळा झाला, त्याच घटकेला समोरच्या खिडक्या काळ्या पडल्या. मी दादाकडे पाहिलं आणि तो आधीच टाइप करत होता. "घुबडाचं काम कळलं का तुला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. टेबलावर ऑफिसचा संगणक, शेजारी दादाचा लॅपटॉप, आणि दादा खुर्चीत हात जुळवून बसलेला. संगणकवाला बाह्या सरसावत होता.

"एक मिनिट," मी म्हणाले. "पुसायच्या आधी मी ऑफिसातलं घुबड जागं करून दाखवते. भर दुपारी."

"नको!" दोघंतिघं एकदम ओरडले.

"का? ते झोपलंय ना? मग संगणकाला रात्र आहे असं सांगून बघू." मी ऑफिसच्या संगणकातलं घड्याळ उघडलं आणि पहाटे सहाला एक मिनिट कमी, अशी वेळ लावली. पडदा फट्कन काळा झाला. कोणीतरी किंचाळलं. डॉक्टर दाराकडे सरकले. बाहेर रखरखीत ऊन होतं आणि आत ती काळी चौकट आमच्याकडे बघत होती. मी म्हणाले, "थांबा. कोणीही हात लावू नका." ते एक मिनिट सरता सरेना. माझा अंदाज चुकला असता तर दादाचा आवाज गेलाच होता.

घड्याळात सहा झाले असतील तेव्हा पडदा आपोआप उजळला.

"त्याला दिवस उजाडला," मी म्हणाले. "व्हायरस घड्याळ बघून झोपत नाही. आता हे बघा." दादाच्या लॅपटॉपमधली ती एकच छोटीशी फाइल मी पेनड्राइव्हवर घेतली होती. ती ऑफिसच्या संगणकात जिथल्या तिथे ठेवली. घुबड परत येऊन बसलं तेव्हा पुढची रांग मागच्या रांगेच्या पायांवर चढली. मी तीच पहाटेची वेळ पुन्हा लावली. पडदा काळा झाला नाही. हळूच पिवळसर, मऊ झाला.

"रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पडद्याचा उजेड कमी करायचा, एवढंच या बिचाऱ्याचं काम," मी सांगितलं. "म्हणून चित्र घुबडाचं. कारखान्यातूनच प्रत्येक संगणकात घालून येतं, म्हणून प्रत्येकाकडे सापडलं. तुम्ही ते पुसलंत. रात्र झाली की संगणक त्याला हाक मारतो, ते सापडत नाही, आणि पडदा बंद पडतो. मेल लिहिणाऱ्या नालायकाला हे पक्कं ठाऊक होतं. त्याने व्हायरस पाठवलाच नाही. त्याने नुसतं भविष्य पाठवलं, आणि ते खरं करायचं काम तुमच्या हातांकडून करून घेतलं."

संगणकवाला म्हणाला, "तरी एकदा साफ केलेलं बरं..." पण त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही, तेव्हा तो वायरी गुंडाळून गेला. डॉक्टर खाली बघत पेनड्राइव्हसाठी हात पुढे करून उभे राहिले. वहिनीने लॅपटॉप उचलून छातीशी धरला. दादाला टाइप करायचं होतं, तरी ती तो सोडेना.

शेवटी सोडल्यावर दादा एवढंच बोलला, "ज्यांना ज्यांना पाठवलंत, त्यांना आता हेही कळवा."

सेक्रेटरीसाहेब अवघडले. भीती त्यांनी एका बोटासरशी सगळ्या ओळखीपाळखीत वाटली होती. ‘माझी चूक झाली’ एवढी ओळ लिहायला त्यांना कितीदा खोडावं लागलं, ते मी पाहिलं. पण लिहिली. पाठवली.

उत्तर एकच आलं. त्यांच्या जुन्या मित्राचं, दूरच्या गावाहून. त्याच्या दोन ओळी त्यांनी वाचल्या आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "मला पुढे वाचवत नाही." म्हणून मी ते दादाच्या लॅपटॉपला दिलं आणि दादाच्या आवाजात आम्ही ते ऐकलं.

"कळवलंस, बरं केलंस. पण तुझा मेल आला त्याच दिवशी मी सगळा संगणक पुसून घेतला. ही गेल्यानंतर तिचं एकच चित्रीकरण उरलं होतं. त्यात ती माझ्याशी बोलत होती. मेल दुसऱ्या कोणाचा असता तर मी विश्वास ठेवला नसता. तू लिहिलंस, म्हणून ठेवला."

सेक्रेटरीसाहेब तसेच बसून राहिले. त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा असंही कोणाला सुचेना.

म्हणून मी हे लिहिते आहे. असला इशारा तुमच्याकडे येईल, आणि तो परक्याकडून येणार नाही. जवळच्याच, भल्या माणसाकडून येईल. तेव्हा थांबा. हे कोणी सांगितलं, कोणत्या तारखेला, याचं नावनिशीवार उत्तर शोधा. पुसायला सांगत असेल तर पुसू नका, आधी जाणत्याला विचारा. ‘सगळ्यांना पाठवा’ असं लिहिलं असेल, तर तो रोग आहे आणि त्याचा पसारा तुमच्यावर अवलंबून आहे, हे समजा. तुम्ही पुढे पाठवलं नाहीत, तर तो तुमच्यापाशीच मरतो. पाठवलंत, तर कोणाच्या घरी काय पुसलं गेलं, ते तुम्हाला बहुधा कधीच कळणार नाही.