हुणाचं घोंगडं

“पाय नीट ठेव जिनेश, छातीवर. आणि गुंडू, तू मेलायस. हसायचं नाही.”

प्रसेनजीत सरांनी पुन्हा बजावलं. घोंगड्यात गुंडाळलेला हूण रंगमंचाच्या फळ्यांवर आडवा झाला आणि सम्राट जिनेशनं त्याच्यावर पाय ठेवला. बावड्याच्या या शाळेत स्नेहसंमेलनाला दरसाल हेच नाटक. सम्राटाचा मुकुट कोल्हापुरातून भाड्यानं यायचा. हुणांना खर्च नव्हता. धनगरवाड्यातली पोरं घरूनच घोंगडी आणायची. सरांना त्या नाटकाचा वीट आला होता, पण नवं बसवायला अंगात त्राण कुठं होतं?

दाराशी गुंडूची आई झुंबरबाई उभी होती. चपला काढून ती तडक आत आली.

“सर, ह्ये घोंगडं आमी बिरोबाम्होरं आंथरतो. पोरगं न सांगता घिऊन आलंय. आनि त्येच्यावर पाय?”

सर ओशाळले. “नाटक आहे, बाई. हे हूण. रानटी होते. गावं लुटायचे, विहार जाळायचे.”

“कोन म्हनतं?”

“ज्यांच्याशी ते लढले, त्यांनी लिहून ठेवलंय.”

“आनि ह्येंनी काय लिवलं?”

सर बौद्ध घरातले; विहार जाळले म्हणून त्यांचा स्वतःचाच हुणांवर राग होता. इतकी वर्षं तो राग ते वर्गात काढत आले होते. घोडी-मेंढरं घेऊन गवतामागं हिंडणारी माणसं ती, त्यांच्याही बायका सांजेला चूल पेटवत असतील, हे त्यांनी कधी एका पोराला सांगितलं नव्हतं. त्यांना लाज वाटली.

झुंबरबाईनं घोंगडं ओढून घेतलं, झटकलं आणि गुंडूचा हात धरला.

“चालू द्या तुमचं. गुंडू उद्यापास्नं साळंत यायचा न्हाय. मेंढरामागं जाईल.”

“पाय तेवढा काढू या,” सर समोर खुर्चीत बसून तालीम बघणाऱ्या हेडमास्तर गणपतरावांना म्हणाले.

“मग सम्राट जिंकला हे पावण्यांना कळायचं कसं? पाय राहणार. दुसरा हूण बघा.”

सरांनी पोरांकडं पाहिलं. सगळी खाली बघत होती. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि गुंडूच्या जागी उताणे झोपले. कंबरेतून कळ आली.

“मी हूण. ठेव रे पाय, जिनेश.”

जिनेशनं पाय उचलला. गणपतरावांकडं बघितलं, मग सरांकडं. पाय त्यानं हळूच मागं घेतला.

“ठेव की,” गणपतराव म्हणाले.

“मला न्हाय जमत.” जिनेश रडवेला झाला होता. “सर, तुमी उठा की.”

सर उठले नाहीत. दारापर्यंत गेलेल्या झुंबरबाईनं मागं वळून बघितलं आणि गुंडूचा हात सोडला.