‘हो’पुढची फुली

किलनामोनमध्ये कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. चहा नको असला तरी माणूस दोनदा ‘नको’ म्हणतो आणि तिसऱ्यांदा मुकाट्याने कप हातात घेतो. अशा गावात डिम्फना दारोदार जाऊन ‘नाही’साठी मतं मागत होती.

सरकारला राज्यघटना बदलायची होती. आयर्लंडमध्ये जन्मलेलं मूल आयरिश, इतका साधा नियम आजवर होता. आता परदेशी आईबापांच्या पोरांना तो हक्क जन्मतःच मिळू नये, म्हणून सार्वमत घ्यायचं ठरलं होतं. बदल हवा त्याने ‘हो’ म्हणायचं, नको त्याने ‘नाही’. डिम्फनाचं मेन स्ट्रीटवर केस कापायचं दुकान होतं. तिने काचेवर हातभर अक्षरांत ‘नाही’ लावलं आणि दोन जुन्या गिऱ्हाइकांनी शेजारच्या गावात केस कापायला सुरुवात केली. रविवारी चर्चबाहेर मात्र त्याच दोघी गोड हसून विचारायच्या, “काय गं, धंदा कसा चाललाय?” असल्या गोडव्याचा डिम्फनाला मनस्वी राग यायचा.

राजकारण हा काही तिचा प्रांत नव्हता. ती यात पडली ती एबुनमुळे. एबुन नायजेरियाची, वृद्धाश्रमात कामाला, डिम्फनाच्या आईच्या शेजारच्या घरात राहणारी. तिची टेमी अडीच वर्षांची, इथेच जन्मलेली, म्हणजे आयरिश. दिवसभर ती डिम्फनाच्या आईपाशी, कन्सेप्टापाशी असायची. पोर त्या म्हातारीला नॅना म्हणायची आणि म्हातारी तिच्या पावावर स्वतःच्या पावापेक्षा जाड लोणी लावायची.

मे महिन्याच्या शेवटी एबुन दुकान बंद होताना आली आणि आरशासमोरच्या खुर्चीत बसली.

“आंटी, मला दिवस गेलेत. अजून कुणाला बोलू नका.”

“अगं, मग तोंड असं का केलंयस?”

“जानेवारीच्या शेवटी होईल. तोवर नियम बदलला तर? एक लेकरू इथलं, दुसरं कुठलंच नाही. टेमी त्याला उद्या काय सांगेल? आणि मला तरी ते राहू देतील का?”

 डिम्फनाने एबुनच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी पत्रकांची पिशवी घेऊन ती घरं पालथी घालू लागली.

सगळीकडे स्वागत झालं. सगळ्यांनी पत्रक घेतलं. पॅकी खाटकाने तर दारात उभं राहून तिला अर्धा तास बोलण्यात गुंतवलं.

“तुझी ती एबुन म्हणजे सोनं आहे गं. माझ्या आईचं तिनेच केलं शेवटी. तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.”

“मग कुणाबद्दल आहे?”

“ते दुसरे. फक्त बाळंत व्हायला विमानातून उतरतात ते.”

“तुला असा एक तरी भेटलाय?”

“भेटला नाही. पण ऐकतो ना माणूस.”

“पॅकी, तुझा भाऊ बॉस्टनला गेला तेव्हा त्याच्याकडे कागद होते? पोरं मात्र जन्मल्या जन्मल्या अमेरिकन झाली. तुझ्या आईने पेढे... म्हणजे केक वाटला होता गावभर!”

“पेढे काय?”

“ते एबुनच्या वृद्धाश्रमातली इंडियन नर्स आणते. विषय बदलू नकोस.”

“ते वेगळं होतं, डिम्फना,” पॅकी लाजून हसला. “पण तू काळजी करू नकोस. मी आहे तुझ्या बाजूने.”

असे बाजूने असलेले इतके निघाले, की तिला खरंच वाटू लागलं, जिंकतोय आपण.

एकाच घरात तिने विचारलं नाही, आईच्या. टेमीला जी मांडीवर झोपवते तिला काय विचारायचं? मतदानाच्या दिवशी तिनेच आईला गाडीतून शाळेत नेलं.  डिम्फनाच्या कोटावरच्या ‘नाही’च्या बिल्ल्याकडे आईने वाटेत दोनदा पाहिलं आणि मग खिडकीबाहेर बघत राहिली.

“मॅमी, आत सोबत येऊ का?”

“कशाला? मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

शनिवारी दुपारी निकाल लागला. डिम्फनाने तो दुकानातल्या रेडिओवर ऐकला, कात्री खाली ठेवली, आणि गिऱ्हाइकाचे अर्धे केस तसेच ठेवून मागच्या खोलीत जाऊन रडली. मग ती आईकडे गेली. टेमीला न्यायला आलेली एबुन स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. निकाल तिलाही कळला होता, हे तिच्याकडे बघताच समजत होतं. म्हातारीचं लक्ष मात्र चहाच्या किटलीत होतं.

“बरं झालं आलीस. मी एबुनला सांगतच होते,” आई म्हणाली. “पोरी, मी तुझ्यासाठी ‘हो’ म्हटलं. ‘हो’च्या पुढे ही एवढी मोठी फुली मारून आले.”

 एबुनने कप हळूच बशीत ठेवला.

“लागला का गं निकाल?” आईने विचारलं. “किती जणांनी म्हटलं ‘हो’?”

“पाचातल्या जवळजवळ चौघांनी,” डिम्फना कशीबशी म्हणाली.

“बघ! आणि म्हणे माणसं वाईट.”

“थँक यू, ममा,” एबुन म्हणाली. तिने टेमीला कडेवर घेतलं, पोरीच्या हातातला पाव टेबलावर ठेवला आणि ती बाहेर पडली. डिम्फना फाटकापर्यंत तिच्या मागे धावली.

“एबुन, तिला कळलेलं नाही. देवाशप्पथ.”

“असेल. त्यांना काही बोलू नका, म्हातारं माणूस आहे.” एबुन थांबली. “पण आंटी, पॅकीसुद्धा मला म्हणाला होता, मी तुझ्या बाजूने आहे. सगळेच म्हणाले. मग आता मी कुणाचं काय समजू?”

 गावाचं तोंडदेखलं बोलणं डिम्फनाला जन्मापासून ठाऊक होतं. आज एबुनला म्हातारीचा खरा शब्दही त्यातलाच वाटत होता, आणि यात एबुनची काही चूक नव्हती. सोमवारी टेमी या दारात येईल की नाही, हे तिला विचारायचा धीर डिम्फनाला झाला नाही.

ती आत आली. आई सिंकपाशी कप धूत होती.

“तिचा चहा तसाच राहिला. बरं नाहीये का तिला?”

जो विषय डिम्फनाने गावात प्रत्येक दारात काढला होता, तो तिने आता इथे पहिल्यांदा काढला. “मॅमी, मत कशासाठी होतं, तुला काय वाटलं?”

“काय वाटायचंय? परक्यांच्या पोरांना आपलं म्हणायचं का, म्हणून. कागदावर एवढंच होतं, तुम्हाला मान्य आहे का. मान्य नसायला काय झालं?” आईने मागे वळून पाहिलं नाही. “तुझ्या काचेवर मी ‘नाही’ वाचलं, डिम्फना. कोटावरही तेच. माझी पोरगी टेमीसारख्या लेकरांना नाही म्हणत गावभर फिरते! रात्र रात्र झोप आली नाही मला. पण म्हटलं, घरात कशाला भांडण. गप्प बसले आणि माझ्यापुरतं नीट केलं. आता राग सोड. माणसं तुझ्यापेक्षा चांगली निघाली, एवढंच.”

डिम्फनाला हसावं की ओरडावं कळेना. गप्प राहिलं तर आई आनंदात राहील, हे खरं होतं. पण खरं ऐकून ही म्हातारी जोवर स्वतःच्या पायांनी शेजारच्या दारात जाणार नाही, तोवर एबुन तिच्यावर पुन्हा कधी विश्वास ठेवणार नव्हती. आणि टेमीचा पाव टेबलावर तसाच पडला होता, जाड लोण्याचा.

तिने हात लांब करून नळ बंद केला.

“नाही, मॅमी,” ती म्हणाली.